आप्पांनी लॅपटॉपला हात जोडले

मंडळी, आधीच सांगून ठेवतो, मी असलं काही मानत नाही. मोहोपाड्याजवळच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं मीटर दुरुस्त करतोय. काटा हलत नसेल तर एक तर वायर तुटलेली असते, नाहीतर माणूस झोपलेला असतो. तिसरं कारण मी कधी पाहिलं नव्हतं...

आमचं गाव कशेळ्याच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच. शेजारचा सदानंद माझा लहानपणापासूनचा दोस्त. गेल्या हिवाळ्यात जेवून पाटावरून उठता उठता गेला. दहाव्याला आम्ही सगळे नदीवर. पिंड ठेवला. समोर उंबरावर कावळा बसलेला, पण खाली उतरायचं नाव नाही. मग आपल्याकडची रीत — एकेकाने पुढे व्हायचं, हात जोडायचे आणि गेलेल्याला शब्द द्यायचा. सदाचे थोरले भाऊ, आप्पा, म्हणाले, "सदा, पोरीचं लगीन वर्साच्या आत लावून देतो." बाप गेला की लग्न वर्षाच्या आत, नाहीतर तीन वर्षं थांबा, असं आमच्याकडे मानतात. कावळ्याने मान फिरवली. कोणी शेताचा शब्द दिला, कोणी घराच्या कौलांचा. मी म्हणालो, "सदा, तुझी स्कूटर सर्व्हिसिंगला नेतो रं!" माणसं हसली. कावळा ढिम्म. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि घरी आलो.

दोन महिन्यांनी, एका सकाळी, सदाची मुलगी प्रणाली धावत आमच्या दारात. "विलासकाका, लवकर चला! अकराला पुण्याच्या कंपनीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे आणि इअरबड्समधून आवाजच येत नाय!"

गेलो. मला काय, बिघाड दिसला की भूक लागते. लॅपटॉपचा स्वतःचा स्पीकर पावसाळ्यातच मेलेला, वायरवाल्या इअरफोनची पिन बसत नव्हती, आणि इंटरव्ह्यूत स्क्रीन दाखवायची असल्यामुळे फोनवर भागणार नव्हतं. म्हणजे हे दोन पांढरे बड्स बोलले तरच इंटरव्ह्यू.

पहिली दहा मिनिटं मी ऐटीत होतो. ब्लूटूथ बंद करून चालू केलं. बड्स डबीत घालून काढले. जोडी मोडली, पुन्हा जुळवली. आवाज कुठे पाठवायचा त्या यादीत बड्सचंच नाव, आवाज पूर्ण. ड्रायव्हर काढून परत टाकला. लॅपटॉप दोनदा रीस्टार्ट. एक व्हिडिओ लावून ठेवला — आवाजाची हिरवी पट्टी नुसती नाचत होती, पण कानात काही नाही. तेच बड्स प्रणालीच्या फोनवर खणखणीत!

मग डोक्यात आलं, हे सदाने आणले तेव्हा आधी त्याच्या फोनला जोडले होते. असले बड्स जुन्या ओळखीच्या फोनकडे पळतात. "वहिनी, सदाचा फोन कुठाय?" सदाच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, कपाटातल्या साड्यांखालून काढून दिला. बंद. तो गेला त्या दिवसापासून चार्जच केलेला नव्हता.

पावणेअकराला पाच मिनिटं कमी. आप्पा खाटेवर सुपारी कातरत बसले होते. "नसंल लागत तर ऱ्हाऊ दे गं. परवा खालापूरची मानसं येतायत बघायला. त्यांना काय कानातलं वाजवून दाखवायचंय?"

प्रणालीने व्हिडिओ चालूच ठेवला होता. कानात बड्स तसेच, डोळे स्क्रीनवर.

आणि मला खोडी सुचली. हात टेकले की मला विनोद सुचतात. म्हणालो, "आप्पा, हे दहाव्यासारखंच झालं. सगळं मांडलंय, कावळा समोर बसलाय, शिवत नाय. द्या बघू एखादा शब्द!"

कोणी हसलं नाही. वहिनी माझ्या हातात चहाची कपबशी देऊन वळत होत्या, त्या तिथेच थांबल्या.

"भावजी," त्या हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी पोरीच्या नोकरीचं कोनीच बोललं नाय. मी पन नाय. ह्यांनी तिला हे कानातलं आनलं ते काय लग्नासाठी?"

आप्पांचा अडकित्ता थांबला. मग म्हातारा उठला. टोपी काढली, लॅपटॉपसमोर उभा राहिला आणि नदीवर जोडले होते तस्से हात जोडले. मंडळी, दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी पोट धरून हसलो असतो.

"सदा... पोर जाईल पुन्याला. मी आडवा येनार नाय. खालापूरवाल्यांना मीच फोन करतो."

"आला!" कानात काही वाजत असताना माणूस ओरडतो तशी प्रणाली ओरडली. "काका, आला आवाज! दोन्हीकडून!"

आप्पा मटकन खाटेवर बसले.

आता तुम्ही म्हणाल, विलासने हळूच काहीतरी दाबलं. गावात सगळे हेच म्हणतात. वहिनी तर दुसऱ्या दिवशी पाणावल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "भावजी, लई बरं केलंत." पण माझ्या एका हातात कप होता, दुसऱ्यात बशी. नंतर सगळं सेटिंग बारकाईने पाहिलं. मी शेवटचं सोडलं होतं अगदी तसंच. आयुष्यभर इतक्या खोड्या केल्या, आणि जी केली नाही तिचंच श्रेय गळ्यात पडलं!

त्या कंपनीने प्रणालीला घेतलं नाही. तिसरीने घेतलं. आता ती पुण्यात असते, बड्स तेच वापरते, आणि आप्पांनी शब्द फिरवला नाही.

कारण मला आजही सापडलेलं नाही. रीस्टार्टनंतर काहीतरी उशिरा सुरू झालं असेल, असं स्वतःला सांगतो... पण त्याच क्षणी? आमचा एवढा सगळा गोतावळा नदीवर उभा राहिला, हात जोडून बोलला, आणि सदाला काय हवं होतं ते एकालाही सुचलं नाही, हे मात्र आठवत राहतं.

आणि हो. इंटरव्ह्यूच्या त्याच दिवशी दुपारी मी सदाची स्कूटर ढकलत कशेळ्याला नेली. सर्व्हिसिंगला.