एका पत्रात एकच विषय

शोभना दिघे यांची सरकारी खात्यातली नोकरी तेहतीस वर्षांची, आणि सगळी रेकॉर्ड रूममध्ये गेली. तिथला पहिला नियम त्या नव्या कारकुनाला खुर्चीवर टेकायच्या आत ऐकवत: एका पत्रात एकच विषय, एका विषयाची एकच फाइल. पाणीपट्टीच्या कागदात रजेचा अर्ज सापडला तर बाईंचं डोकं फिरायचं. त्यांची फाइल कधी हरवली नाही, असं साहेब लोक म्हणत, आणि ते खरंच होतं.

इंदूरच्या ‘जुनी इंदूर’ भागातल्या दोन खोल्यांत त्यांनी हाच कारभार चालवला. मुलगा शार्दूल आठ महिन्यांचा असताना त्याला पहिली फिट आली. पुढं तपासण्या होऊन ट्यूबरस स्क्लेरोसिस असं नाव कळलं. जन्मतःच असणारा, सहा-सात हजारांत एखाद्याला होणारा आजार. त्यात मेंदूत गाठी असतात, चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात आणि पुढं काय काय निघेल ते कुणी सांगत नाही. दुसरी एखादी आई रडत बसली असती. शोभनाबाईंनी सहा फायली आणल्या. फिट, त्वचा, झोप, शिक्षण, बोलणं, स्वभाव. फिटच्या डॉक्टरकडे फिटची फाइल, होमिओपॅथीवाल्याकडे झोपेची. शेजाऱ्यांच्या तक्रारी, शाळेच्या चिठ्ठ्या आणि कुणा बाबाच्या अंगाऱ्याची पुडी, हे सगळं स्वभावात. मोठ्या डॉक्टरांना पाच मिनिटं असतात. त्यांच्यापुढं भलतंसलतं पाल्हाळ लावायचं नाही, ही घरातली सक्त ताकीद होती.

नवरा अरविंद मात्र पाल्हाळाचा माणूस. पोराला स्कूटरवर पुढं उभं करून गावभर हिंडवायचा, कुणी टक लावून पाहिलं तर हसून, भैयाचा इंदुरी ‘भिया’ करत सांगायचा, "भिया, आमचा राजा आहे हा." शार्दूलही त्याच्यासारखाच, लाघवी. पंधराव्या वर्षापर्यंत त्याची तक्रार स्वभावाच्या फायलीत फारशी आलीच नव्हती.

पंधराव्या वर्षी, एप्रिलमध्ये, फिटची गोळी बदलली. फिट जवळजवळ बंद झाल्या आणि बाईंनी देवापुढं पेढे ठेवले. महिन्याभरात इंदूरच्या लालबागेतल्या मेळ्यात शार्दूलनं फुगेवाल्याच्या थोबाडीत मारली. मग घरातली ताटं उडायला लागली. तो रात्र रात्र जागायचा, स्वतःचा हात चावायचा, बापाच्या अंगावर धावून जायचा. हे अंगात आलेलं माजोरीपण आहे, असा निकाल बाईंनी देऊन टाकला, आणि त्याचं खापर फोडलं अरविंदवर. "तुमच्या लाडानं शेफारला. आता मी वळण लावते." वळण लावायला लाकडी पट्टी होती. पहिल्या वर्षी हातावर, नंतर पाठीवर. मारताना बाईंना वाईट वाटायचं, पण त्या हात आखडता घेत नसत. आपण आईचं कर्तव्य करतोय अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि कर्तव्य म्हटलं की त्या कुणाचं ऐकत नसत.

पाच वर्षांपूर्वी अरविंद हार्टनं गेला. शार्दूल आता सत्तावीस वर्षांचा, अंगानं साठ पार केलेल्या बाईंच्या दुप्पट. गेल्या दिवाळीत त्यानं ढकललं आणि बाईंचं मनगट मोडलं. शेजारी म्हणाले, "अब बहुत हो गया, काकी." इंदूरबाहेर, बेटमा गावाच्या पुढं एक निवासी संस्था होती, तिथं त्याला ठेवला. घरी आल्यावर बाईंना पहिल्यांदा शांत झोप लागली, आणि त्या झोपेची त्यांना लाज वाटली. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगणार कुणाला? तेव्हापासून एकच ध्यास, हा सुधारला तर घरी आणायचा.

संस्थेत महिन्यातून एकदा डॉ. सुरभी यायच्या. पुण्याची मुलगी, इथं नोकरीला आलेली. असल्या आजारातल्या मेंदूच्या आणि मनाच्या अडचणींची मोठी प्रश्नावली त्या आईबापांकडून भरून घेत. बाई सहाही फायली घेऊन हजर झाल्या.

"मॅडम, ही फिटची. बाकीचा मॅटर अलग आहे."

"काकू, मला सगळा मॅटर एकत्रच हवाय," सुरभी म्हणाल्या. "या आजारात काही अडचणी एकमेकींचा हात धरून येतात. राग, झोप, स्वतःला चावणं. त्या एका गटात ठेवून बघितल्या की कळतं, कशामागे काय आहे."

आणि त्यांनी सहाही फायलींचे बंद सोडले. कागद तारखेनं लागू लागले. झोपेचा कागद स्वभावावर, स्वभावाचा फिटवर. बारा वर्षांपूर्वीच्या एप्रिलपाशी सुरभी थांबल्या. गोळी बदलल्याचा कागद, त्याखाली मेळ्याची तक्रार, त्याखाली होमिओपॅथीवाल्याचं ‘झोप नाही’. मध्ये वहीचं फाटकं पान. अक्षर अरविंदचं.

"डॉक्टर साब, नव्या गोळीनंतर मुलाला फार गुस्सा येतो. आधी असा नव्हता. गोळी बदलता येईल का?"

वर कोपऱ्यात लाल शाईनं बाईंचं अक्षर होतं: स्वभाव.

त्यांना लख्ख आठवलं. फिटच्या फायलीत, अगदी वरच, त्यानं हा कागद लावला होता. विषय चुकला म्हणून त्यांनी तो काढून योग्य जागी ठेवला. वर नवऱ्याला ऐकवलंही होतं की तुम्हाला साधं फायलिंग जमत नाही. त्यानंतर अरविंदनं पुन्हा काही लिहिलं नाही.

"आजारातही राग असतो," सुरभी सांभाळून म्हणाल्या. "पण काही जणांना या गोळीनं तो वाढतो. बदलून पाहू, मग कळेल."

फिटच्या डॉक्टरांशी बोलून दोन महिन्यांत हळूहळू गोळी बदलली. मध्ये एक फिट आली, पण राग उतरत गेला. शार्दूल जेवू लागला, झोपू लागला, सांभाळणाऱ्या गंगूबाईची नक्कल करून तिला हसवू लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं संन्याशाला बारा वर्षं रोज फासावर चढवलं, आणि दोर ओढणारी सख्खी आई. त्याला असा हसताना पाहून आल्या त्या रात्री बाईंनी ती पट्टी चुलीत घालावी म्हटलं तर घरात चूल नव्हती. कचऱ्याच्या गाडीत टाकली.

मग त्यांनी खोली झाडली, शार्दूलच्या पलंगावर नवी चादर घातली, गाडी ठरवून बेटम्याला गेल्या. तो ओट्यावर बसून पोळी खात होता. चेहरा बापासारखा दिसत होता. आईला पाहून हसला.

"चल बाळा, घरी जाऊ."

त्यानं पोळीचा आणखी एक घास मोडला. सुरभींनी बाईंना बजावलं होतं, त्याला विचारा, त्याला आता सांगता येतं.

"तुला यायचंय ना?"

"नको," शार्दूल म्हणाला. "घरी आई मारते. इथं कोणी नाही मारत."

"नाही रे मारणार आता. शप्पथ."

"बाबा पण म्हणायचे, नाही मारणार. तू मारायची."

रागानं म्हणाला असता तर बाईंना ते गोळीवर ढकलता आलं असतं. पण तो अगदी शांतपणे बोलला, पोळीचा अर्धा तुकडा आईला दिला आणि उरलेला खाऊ लागला.