रविवारची म्हैस

माझी नात जर्मनीत जन्मली, कोल्हापूर तिनं अजून पाहिलेलं नाही. फोनवर नुसतं ‘जेवलीस का’ विचारून कुठलं पोर जवळ येतंय? म्हणून दर रविवारी मी फोन घेऊन गोठ्यात जायचो. कॅमेरा म्हशीकडं धरायचा आणि मागून मी बोलायचं. पोरगी हरखून जायची.

यंदा माझे गुडघे गेले, म्हैस विकावी लागली. मग शेजाऱ्याची दाखवली. “ही आपली न्हाय की,” नात लगेच म्हणाली, अगदी आमच्यासारखं. मला भरून आलं. पहिल्यांदाच कॅमेरा स्वतःकडं वळवला.

तिनं निरखून बघितलं आणि बापाला विचारलं, “ह्ये पावणं कोण?”

रविवारी अजून फोन वाजतो. काय दाखवू तिला?