मिरचीच्या पटांगणावरचं आरक्षण

माझं अक्षर चांगलं आहे. ही बढाई नाही. माझ्या हातून जे वाईट झालं ते या अक्षरानंच झालं, म्हणून सांगतो. नांदेडच्या एका शाळेत मी मराठी शिकवायचो. आठवीला अर्जलेखन असायचं. अर्ज थोडक्यात असावा, मुद्द्याला धरून असावा आणि त्यात खोटं नसावं, असं मी दरवर्षी फळ्यावर लिहायचो.

आम्ही आठ मास्तरांनी मिळून शहराबाहेर, वळणरस्त्याच्या अंगाला प्लॉट घेतले होते. राहायला नव्हे. तिथं राहायला जायचं एकाच्याही मनात नव्हतं. जमीन पिवळ्या पट्ट्यात गेली, म्हणजे नकाशात निवासी झाली, की भाव चढतो, एवढं गणित आम्हाला गणिताच्या सरांनी शिकवलं होतं. मधल्या सुट्टीत आम्ही पोरांच्या वह्या बाजूला सारून याच गप्पा मारायचो.

मग शहराचा नवा विकास आराखडा आला. महापालिकेत नकाशा लागला, आणि आमच्या आठही प्लॉटांवर हिरवा रंग. खेळाच्या मैदानासाठी आरक्षण! आरक्षण पडलं की जागा आपली राहते ती नावापुरती. बांधता येत नाही, गिऱ्हाईक मिळत नाही आणि मोबदला कधी मिळेल ते कुणी सांगत नाही. हरकत घ्यायला थोडे दिवस होते. गणिताचे सर म्हणाले, "नुसतं नको म्हणून भागत न्हाई. दुसरी जागा दाखवावी लागती. तुमचं अक्षर चांगलं हाय, तुम्हीच लिवा."

दुसरी जागा आमच्या प्लॉटांना लागूनच होती. मिरचीवाल्या आपांची. आपा धर्माबादहून मिरची आणायच्या, उन्हाळाभर त्या पटांगणात वाळवायच्या आणि कडेच्या पत्र्याच्या खोलीत कांडपावर कुटून तिखट विकायच्या. नवरा गेल्यावर त्यांचं घर त्याच पटांगणावर चालत होतं. राहायच्याही तिथंच, मागच्या पत्र्यात. उन्हाळ्यात तिथं पाय ठेवायला जागा नसायची आणि शिंकल्याशिवाय कुणी परत यायचं नाही. आमच्या घरचं वर्षाचं तिखट तिथूनच यायचं. त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मीच लिहून दिली होती. अक्षर त्यांना इतकं आवडलं, की छापखान्यात त्यांनी ते जसंच्या तसं छापून घेतलं.

पण आराखडा आला तेव्हा श्रावण होता. पटांगण झाडून मोकळं ठेवलेलं. आम्ही फोटो काढले, पत्र्याच्या खोल्या दिसणार नाहीत अशा बेतानं उभं राहून. आणि मी लिहिलं, 'शेजारील जागा रिकामी असून तिचा कोणताही वापर होत नाही. मैदानासाठी ती अधिक सोयीची आहे.' लिहिताना मी कुठं अडखळलो वगैरे नाही. उलट वाक्य झकास जमलं असंच वाटलं. मला सगळ्यांत जास्त लाज त्याचीच वाटते.

आरक्षण सरकलं. आमची जागा पिवळी झाली. प्लॉट विकून मी घरावर वरचा मजला चढवला. हरकतींची नोटीस पेपरात येऊन गेली होती. ती आपांनी वाचलेली नसणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. त्यांना कळलं ते पुढं कितीतरी वर्षांनी, पत्र्याच्या जागी दोन पक्क्या खोल्या बांधायची परवानगी मागायला गेल्या तेव्हा. जागेवर मैदान आहे, असं त्यांना सांगण्यात आलं. मैदान आजही झालेलं नाही.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आपा माझ्याकडं आल्या. हातात भाच्यानं माहितीच्या अधिकारात काढलेले कागद आणि नेहमीसारखा तिखटाचा पुडा.

"सर, एवढं वाचून सांगा अन् एक अर्ज लिवून द्या. पोराचं लग्न जमून राहिलं. पत्र्यात सून कशी आणावी?"

पहिलाच कागद माझा होता. मी तो हळूच सगळ्यांच्या खाली सरकवला आणि दुसऱ्यापासून वाचायला लागलो. वाचून झाल्यावर अर्ज लिहिला. अगदी जीव ओतून लिहिला. तेवढ्यानं फिटेल असं वाटलं असावं.

"पहिला कागद ऱ्हायला, सर," आपा म्हणाल्या.

"त्यात विशेष काही नाही."

"मराठी हळू वाचते मी, पर वाचते. अन् अक्षर तर बघताच वळखलं. पोरीची पत्रिका अजून पेटीत हाय."

त्या ओरडल्या असत्या, चारचौघांत माझी लाज काढली असती, तर बरं झालं असतं. त्या शांत होत्या.

"म्हणून तर तुमच्याकडं आले. आता लिवा, की जागा रिकामी न्हवती, मी माझ्या डोळ्यानं बघितलेली हाय. अन् खाली तुमची सही करा."

माझ्या डोळ्यांपुढं चौकशी आली, पेन्शन आली, बाकीचे सात जण आले. आठवीच्या वर्गात सांगावं तसं मी सांगितलं, "अर्जावर सही अर्जदाराचीच लागते, आपा."

वेगळ्या कागदावर दोन ओळी लिहून मला सही करता आली असती. हे मला ठाऊक होतं. त्यांनाही असावं.

"हाव," त्या म्हणाल्या. माझ्या हातातलं पेन घेऊन एकेक अक्षर जुळवत त्यांनी सही केली, कागद गोळा केले आणि गेल्या.

पोराचं लग्न त्याच पत्र्यात झालं. पत्रिका त्यांनी दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घेतली. अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. तिखटाचा पुडा टेबलावर राहून गेला होता. तो परत नेऊन द्यायचंही धाडस मला झालं नाही. आम्ही तो वर्षभर खाल्ला.