धामणीवरचा आळ

मोखाड्याच्या शाळेत मास्तर झालो तरी सूर्यमाळजवळच्या आमच्या पाड्यावर मी बाबांचा गडीच होतो. दर उन्हाळ्यात आम्ही बांधावरची झुडपं छाटायचो आणि भाताची रोपं करायच्या जागेवर त्यांचा राब जाळायचो. नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात मात्र मी अडून बसलो.

"खालचा बांध यंदा तोडायचा नाय. झुडपं राहिली तर पाखरं येतील, उंदीर खाणारी जनावरं येतील."

बाबा हसले. "मास्तर, आता करवंदीलापण शाळेत घालतोस काय?"

पण बांध सोडला. दोन पावसाळ्यांत करवंदी, कुडा, धायटी अशी माजली की पलीकडचं शेत दिसेना. लावे आले, मुंगूस आलं. मी बोटानं दाखवायचो, बाबा मुद्दाम दुसरीकडे बघायचे. मग आली धामण, माझ्याहून लांब. नेमकं त्याच आठवड्यात गाईचं दूध आटलं.

"धामण पायाला वेढा घालते न् दूध पिते," बाबांनी निकाल दिला.

"सापाला दूध ओढता येत नाय, बाबा. त्याला ओठच नसतात."

"तू तिचं तोंड उघडून बघितलंस?"

बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच बाबा काठी घेऊन गोठ्यात पेंढ्याआड दबा धरून बसले. आरोपीची बाजू घ्यायला शेजारी मी. थोड्या वेळानं वासरानं मान हलवली, दावं सैल पडलं आणि ते आईला जाऊन लुचू लागलं. तोंडाला फेस येईपर्यंत प्यायलं.

"काल गाठ कोणी मारली होती?" मी विचारलं.

"गप बस."

तेवढ्यात गोठ्याच्या कुडाच्या भिंतीकडेनं धामण आली. तिनं पेंढ्यात डोकं खुपसलं आणि उंदीर तोंडात धरूनच बाहेर निघाली. आमच्याकडे ढुंकूनही न बघता तिनं तो गिळला. शेपटी आत जाईपर्यंत बाबा बघत राहिले. मग त्यांनी काठी हळूच खाली ठेवली.

पुढं शेजारचे काका तिच्या मागं कोयता घेऊन धावले, तेव्हा बाबा बांधावर आडवे उभे राहिले. "तिला हात लावायचा नाय. ती आमच्याकडे कामाला हाय."

त्या वर्षी भातात उंदरांची बिळं अगदी थोडी सापडली. पुढच्या उन्हाळ्यात बघतो तर वरचा बांधही तसाच ठेवलेला. विचारलं तर म्हणाले, "कोयत्याला धार नव्हती." राबासाठी लांबून पाला वाहून आणताना मात्र ते मला मनसोक्त शिव्या द्यायचे.

बाजाराच्या दिवशी मोखाड्याला जाताना जीपमध्ये ते धामणीची गोष्ट सांगत. दर आठवड्याला ती हातभर वाढायची. मी शेजारीच बसलेला असायचो. मास्तर असूनही मी त्यांची चूक कधी दुरुस्त केली नाही.