उंदीर क्रमांक बेचाळीस

एकोडीच्या धानाच्या बांध्यांत उंदरांचं बीळ कुठे असेल, हे यादोरावांना नुसता शेताच्या कडेचा धुरा पाहून कळायचं. म्हणून नागपूरहून संशोधनाला आलेल्या भावना मॅडमनी त्यांनाच कामावर घेतलं. यादोराव पिंजरे लावून जिवंत उंदीर धरत. मॅडम शेपटीतून थोडं रक्त घेत आणि उंदीर सोडून देत. कीटकनाशक अंगात गेलं की रक्तातलं एक एन्झाइम घटतं, ते मोजायचं होतं. फवारलेल्या बांध्यांतल्या उंदरांत ते जंगलाकडच्या उंदरांपेक्षा निम्मंच भरलं.

ऑगस्टमध्ये यादोरावांची बायको रत्नमाला फवारणीच्या दुसऱ्याच दिवशी धानातलं तण काढायला, निंदणाला गेली. संध्याकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या. तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे अंधारी, हात थरथरत होते. दवाखान्यात सलाइन लावलं आणि पित्त म्हणून घरी पाठवलं.

सकाळी यादोराव मॅडमसमोर उभे राहिले. "उंदराचं रक्त पाहून राहिल्या, मॅडम. माह्या बायकोचंबी पाहा ना."

"दादा, मला परवानगी फक्त प्राण्यांची आहे."

"मंग तिले उंदीर लिहा."

मॅडमनी रक्त घ्यायची पेटी उचलली. मग घरी येऊन त्यांनी रत्नमालाचं रक्त घेतलं, तुलनेला स्वतःचंही. वहीत लिहिलं, उंदीर क्रमांक बेचाळीस. रत्नमालाचं एन्झाइम मॅडमच्या पाव हिश्श्याइतकंही भरलं नाही.

मॅडमनी दिलेला निकालाचा कागद घेऊन यादोराव साकोलीला एका डॉक्टरकडे गेले. डॉक्टर हसला. "हा तर उंदराचा रिपोर्ट आहे!"

यादोरावांनी खरं काय ते सांगितलं. डॉक्टरचं हसू गेलं. "असं बाहेर बोलू नका. त्या बाईंची नोकरी जाईल."

यादोरावांनी कागद परत घेतला.

मॅडमच्या वरिष्ठांनी बेचाळीस क्रमांक चुकीची नोंद म्हणून काढून टाकला. हिवाळ्यात छापील अहवाल द्यायला मॅडम स्वतः आल्या. रत्नमालाने विचारलं, "माह्याबद्दल काय लिहिलं?"

मॅडमनी अहवाल पुढे सरकवला. यादोरावांनीच पानं उलटली. उंदीर खाऊन रानमांजरांना विषबाधा होऊ नये म्हणून धुऱ्यालगतची पट्टी फवारू नये, असं लिहिलं होतं. निंदणाऱ्या बायांबद्दल एक शब्दही नव्हता.

"रानमांजराबद्दल हाये," ते म्हणाले.

रत्नमालाच्या हातांची थरथर पुरती गेली नाही. हात मागे पडतो म्हणून पुढच्या हंगामात निंदणाच्या टोळीने तिला बोलावलं नाही. मॅडमचं कामही संपलं होतं. घर चालवायला यादोरावांनी पाठीवर फवारणीचा पंप घेतला.