सगळ्यात खात्रीचं गिऱ्हाईक

बुवापाड्यातल्या आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे सर चुकतायत असं वाटलं, तरी आधी मला स्वतःचीच शंका येते. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या वेळी, सर मार्गदर्शक असतानाही तसंच झालं.

उल्हासनगरला, कॅम्प एकमधल्या एका जीन्सच्या दुकानात मी सुट्टीत काउंटरला होते. डेटा तिथल्या शेठनीच दिला. सवलतीचा मेसेज गेल्यावर कोण खरेदीला येईल, ते आधी ओळखायचं होतं. मी दोन पद्धती ताडून पाहिल्या. एक साधं लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे एकाच सूत्रानं येण्याची शक्यता काढायची. दुसरी रँडम फॉरेस्ट, म्हणजे शेकडो डिसिजन ट्री, हो-नाही प्रश्नांच्या साखळ्या, मिळून मत देतात ती. फॉरेस्ट सहज जिंकलं. सर खूश झाले.

मग फॉरेस्ट कोणाबद्दल एवढं ठाम आहे, म्हणून बघायला गेले, तर यादीत सगळ्यात वर माझाच मोबाइल नंबर. त्या दुकानातून मी कधी बेल्टसुद्धा घेतला नव्हता.

तिथं नंबर टाकल्याशिवाय बिल निघत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "नंबर नहीं देगा भाई, फोन आते रहते हैं." मागे रांग असते. मग काउंटरवरचा माणूस स्वतःचाच नंबर टाकून बिल फाडतो. सगळेच टाकायचे, मीही. म्हणून प्रत्येक मेसेजनंतर आम्ही "आलो" होतो.

शेठना सांगितलं तर ते कपाळाला हात लावून हसले. "मतलब मैं अपने ही स्टाफ को डिस्काउंट भेज रहा था?"

आमचे नंबर काढून दोन्ही पद्धती पुन्हा चालवल्या. फॉरेस्ट घसरलं, साधी पद्धत थोडी पुढे गेली.

सरांना ते पटलं नाही. "अगं, रिग्रेशन सेकंड इयरची पोरंपण करतात. बाहेरून येणाऱ्या एक्स्टर्नलना काय दाखवणार? आधीचा तक्ता ठेव. कोणाला कळणारे?"

"मला कळलंय ना, सर."

आवाज इतका बारीक निघाला की ते "काय?" म्हणाले. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं.

"मार्क गेले तर माझ्याकडे रडत यायचं नाही."

"नाही येणार."

तोंडी परीक्षेत एक्स्टर्नलनी काढून टाकलेल्या नंबरांवरच बोट ठेवलं. "आकडे गैरसोयीचे होते, म्हणून काढलेत का?"

"उलट, सर. सोयीचे होते, म्हणून काढले. ती गिऱ्हाइकं नव्हतीच. त्यातली एक मी आहे."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. काय, ते कळलं नाही.

मार्क वर्गातल्या बऱ्याच जणांपेक्षा कमी आले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. निकाल बघून परतताना सरांची केबिन वाटेतच लागते. दार उघडं होतं. त्यांनी मान वर केली. मीही त्यांच्याकडे सरळ बघितलं आणि न थांबता पुढे गेले.