काट्यावर तोललेलं पाणी

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. वहिनी भरलेल्या ट्रकभोवती फिरून फोटो काढत होती: आधी नंबर प्लेट, मग आतला राडारोडा, शेवटी काट्यावरचं वजन. धूळ उडू नये म्हणून मालावर पाइपने पाणी मारून झालं होतं. पाडलेल्या इमारतीचं काँक्रीट खडीच्या कारखान्यातच जातं, वाटेत कुठे फेकलं जात नाही, हे कागदोपत्री सिद्ध करणं तिचं काम. त्याशिवाय तिथे उभ्या राहणाऱ्या इमारतीला ग्रीन बिल्डिंगचं प्रमाणपत्र मिळणार नव्हतं.

साइटवर सगळेच तिला वहिनी म्हणत, कारण तिचा दीर तिथे ट्रक चालवायचा. परवापर्यंत. साइटवर भरलेलं वजन कारखान्यात पोचेपर्यंत कमी होत होतं. प्रमाणपत्राच्या परीक्षकाने त्यावर बोट ठेवलं आणि मॅनेजरने दिराला घरी बसवलं. वाटेत कुणाच्या तरी खड्ड्यात भराव टाकून हा वरकमाई करतो, असा सरळ हिशेब.

त्या रात्री जेवताना तिनेही विचारलं होतं, "भावजी, खरं सांगा, गाडी कुठे थांबवायचात का?"

"म्हणजे आता घरातच कोर्ट भरलं," तो म्हणाला आणि पानावरून उठला. तेव्हापासून तो तिच्याशी बोलला नव्हता.

म्हणून आज ती स्वतः ट्रकात बसली. नवा ड्रायव्हर बोलघेवडा होता.

"काय वहिनी, माझ्यावर पहारा?"

"पहारा कसला, सोबत."

"एवढी सोबत बायकोपण देत नाही. म्हणते, तुझ्या गाडीत हाडं खिळखिळी होतात."

सिग्नल सोडले तर ट्रक कुठेही थांबला नाही. तरीही कारखान्याच्या काट्यावर वजन कमीच भरलं. फोटो काढायला ती मागे गेली, तर ट्रकच्या मागच्या फाळक्याच्या फटीतून पाणी ठिबकत होतं. कारखान्याच्या फाटकापासून ट्रकापर्यंत रस्त्यावर ओली रेघ उमटली होती. वहिनीला साइटवरचा पाइप आठवला.

पूर्वी पाणी मारायचे ते वजन झाल्यावर, साइटच्या बाहेरच्या फाटकाशी. तिथे चिखल होतो म्हणून शेजाऱ्यांनी ओरड केली, तेव्हा पाइप आत, काट्याच्या अलीकडे घ्यायला तिनेच सांगितलं होतं. काटा तेव्हापासून राड्यारोड्याबरोबर पाणीही तोलत होता.

दुपारी तिने मॅनेजरला सगळं सांगितलं. "चूक माझी आहे. भावजींना परत घ्या."

मॅनेजरने उठून केबिनचं दार लावलं. "हे बघा वहिनी, एक ड्रायव्हर लबाड निघाला, तर एका पत्रात प्रकरण मिटतं. आपलं वजनच चुकलं म्हटलं, तर सगळ्या खेपा उकरून काढतील."

"म्हणून चोर नसलेल्याला चोर ठरवायचं?"

"पोलिसात थोडाच देतोय? दुसरीकडे चालवेल गाडी."

"चोर म्हणून काढलेल्याला गाडी देतं कोण?"

त्याने एक कागद तिच्यापुढे सरकवला. ड्रायव्हरवर ठपका ठेवणारं, परीक्षकाला द्यायचं पत्र टाइप करून तयार होतं. नोंदी ठेवणारी म्हणून तिची सही हवी होती. तिने पेन उचललंच नाही. जिन्यात उभं राहून तिने ठिबकत्या फाळक्याचा फोटो आणि पाइपची हकिगत परीक्षकाला पाठवून दिली.

संध्याकाळी परीक्षकाचं उत्तर आलं: पाइप हलवल्यापासूनच्या सगळ्या खेपा पुन्हा तपासल्या जातील. ड्रायव्हरचा प्रश्न कंपनीचा अंतर्गत आहे. त्यापाठोपाठ मॅनेजरचा निरोप आला, चौकशी होईपर्यंत घरी थांबा.

ती घरी पोचली तेव्हा दीर पायरीवर बसला होता. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, आपली चूकसुद्धा.

"मग मला परत बोलावणार?"

"ते कंपनी ठरवेल म्हणतात."

"आणि तुम्हाला?"

"मलाही घरी बसवलंय."

त्याने सरकून तिला पायरीवर जागा करून दिली.

उद्या सकाळी सातला पहिला ट्रक आधी काट्यावर जाईल, मग त्यावर पाणी मारलं जाईल. ट्रक नवा ड्रायव्हर नेईल. फोटो स्टोअरकीपर काढेल.